‘बाप्तिस्मा घेणे’ : बाप्टिस्ट तत्त्वे आणि मराठी भाषा

१.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात ‘बाप्टिस्ट’ हा शब्द बहुधा एकाच नावाच्या ओघात येतो. ते नाव म्हणजे विल्यम कॅरी. मराठी मुद्रणाचा आणि व्याकरणाचा इतिहास त्याच्यापासून सुरू करण्याची प्रथा आहे. मात्र तो बाप्टिस्ट होता, या गोष्टीचा त्याच्या भाषाकार्याशी काही संबंध होता का, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला गेला. मिशनरी म्हणजे मिशनरी, त्यांच्यातील पंथभेद ही त्यांची घरगुती बाब, अशी आपली साधारण समजूत असते. प्रस्तुत निबंधात या समजुतीची फेरतपासणी करावयाची आहे. बाप्टिस्ट पंथाची मूलतत्त्वे भारतीय भाषांमध्ये प्रथम भाषांतराचा प्रश्न होऊन अवतरली. एका ग्रीक क्रियापदाचे देशी भाषेत भाषांतर करावे की ते तसेच उचलावे, यावरून संस्था फुटल्या आणि नव्या संस्था निघाल्या. मराठीने या वादात जो मार्ग स्वीकारला त्यामुळे बाप्टिस्टांचे एक तत्त्व शब्दातून गळाले, आणि दुसरे, माझ्या मते अधिक मूलभूत असलेले तत्त्व मराठीच्या क्रियापदात टिकून राहिले.

२.

बाप्टिस्ट परंपरेचा उगम सतराव्या शतकातील इंग्रज विभक्तवाद्यांत सापडतो. राज्याच्या चर्चशी फारकत घेऊन हॉलंडमध्ये आश्रयास गेलेल्या जॉन स्मिथ याने १६०९ साली ॲमस्टरडॅम येथे स्वतःचा आणि आपल्या अनुयायांचा नव्याने बाप्तिस्मा केला. तान्हेपणी झालेला संस्कार त्याने अग्राह्य ठरविला. कारण ज्याला विश्वास ठेवता येत नाही त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी विश्वास ठेवावा, ही गोष्टच त्याला अमान्य होती. त्याचा सहकारी टॉमस हेल्विस इंग्लंडला परतला. १६१२ च्या सुमारास लंडनजवळील स्पिटलफील्ड्स येथे स्थापन झालेली त्याची मंडळी ही इंग्लंडच्या भूमीवरील पहिली बाप्टिस्ट मंडळी मानली जाते. त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेल्विसने असे प्रतिपादिले की, राजाची सत्ता प्रजेच्या देहावर आणि वित्तावर चालते, आत्म्यावर नाही. म्हणून पाखंडी, तुर्क, यहुदी अशा कोणासही श्रद्धेपायी शिक्षा करण्याचा त्याला अधिकार नाही. या प्रतिपादनाची किंमत त्याने न्यूगेटच्या तुरुंगात मोजली आणि तेथेच त्याचा अंत झाला.

पुढे ज्यांना बाप्टिस्ट तत्त्वे म्हणून ओळखले जाऊ लागले त्यांची मांडणी साधारणपणे अशी करता येईल. श्रद्धा आणि आचार यांबाबत शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, प्रामाण्य अंतिम होय. ज्याने समजून-उमजून विश्वास प्रकट केला त्यालाच बाप्तिस्मा द्यावा. असा बाप्तिस्मा पूर्ण निमज्जनाने व्हावा. प्रत्येक स्थानिक मंडळी आपल्या कारभारात स्वायत्त असावी. तिच्यावर बिशपची वा राजाची सत्ता नसावी. प्रत्येक श्रद्धावंत देवापाशी थेट जाऊ शकतो, त्याला मध्यस्थ पुरोहिताची गरज नाही. आणि या सर्वांतून निघणारे धर्मस्वातंत्र्य हे केवळ आपल्यापुरते नसून सर्वांचे आहे.

या तत्त्वांचा ऐतिहासिक क्रम येथे महत्त्वाचा ठरतो. १६०९ सालचा स्मिथचा बाप्तिस्मा पाणी ओतून झाला होता. निमज्जनाचा आग्रह इंग्लंडमध्ये १६४० नंतर स्थिर झाला आणि १६४४ च्या लंडन येथील श्रद्धाघोषणेत तो स्पष्ट शब्दांत नोंदला गेला. बाप्तिस्मा ‘कोणी’ घ्यावयाचा हा प्रश्न आधीचा, ‘कसा’ घ्यावयाचा हा नंतरचा. मराठीचा विचार करताना हा क्रम पुन्हा उपयोगी पडेल.

३.

विल्यम कॅरी (१७६१–१८३४) हा नॉर्थॅम्प्टनशरमधील एक चर्मकार. अँग्लिकन कुटुंबात जन्मलेल्या कॅरीने १७८३ साली नेन नदीत बाप्टिस्ट पद्धतीने बाप्तिस्मा घेतला. १७९२ साली केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तो कलकत्त्यास पोहोचला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात धर्मप्रसारक नको होते. म्हणून १८०० साली जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड या सहकाऱ्यांसह त्याने डेन्मार्कच्या निशाणाखालील सेरामपूर (श्रीरामपूर) गाठले. राज्यसंस्थेच्या आश्रयाने चालणारा धर्म नाकारणाऱ्या परंपरेतील ही माणसे, राज्यसंस्थेच्या विरोधामुळे परक्या निशाणाखाली राहिली. येथे परंपरा आणि परिस्थिती यांचा चांगलाच मेळ बसला होता.

परंतु इतिहास इतका सरळ नसतो. त्याच कंपनीच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात कॅरी बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागला. १८०३ च्या युद्धानंतर मराठी मुलखाशी व्यवहार करणाऱ्या अधिकाऱ्यांना मराठी येणे कंपनीस निकडीचे वाटत होते. १८०५ साली कॅरीचे मराठी व्याकरण निघाले, १८१० साली कोश निघाला आणि १८११ साली नवा करार मराठीत छापून झाला. या सर्व कामामागे वैजनाथ शर्मा या नागपूरकडील पंडितांचे भाषाज्ञान होते. ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५), ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ (१८१६) ही मोडी लिपीतील पुस्तके याच उद्योगाची फळे होत.

शास्त्र अंतिम प्रमाण मानले आणि मध्यस्थ पुरोहित नाकारला, की शास्त्र प्रत्येकाच्या भाषेत उपलब्ध असणे ही तत्त्वाची पूर्वअट ठरते. त्यामुळे भाषांतर हे बाप्टिस्टांच्या दृष्टीने धर्मकार्याचे केवळ साधन नव्हते. त्यांच्या धर्मकल्पनेचे ते अंग होते. सेरामपूरचा झपाटा आणि तेथील भाषांतरांतील कच्चेपणा, या दोहोंचे मूळ येथे शोधता येते. मराठीपुरते बोलायचे तर नागपूरकडील वळणाची, कलकत्त्याकडे बसून घडविलेली ही भाषा पश्चिम महाराष्ट्रात रुजली नाही. मुंबईच्या मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर हाती घेतले आणि पुढील मराठी बायबलची परंपरा त्यांच्यापासून सुरू झाली. हे मुंबईचे मिशनरी बाप्टिस्ट नव्हते. मात्र त्यांचा बाप्टिस्टांशी आलेला संबंध अगदी आरंभीचा आणि बराच नाट्यमय होता.

४.

१८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या काँग्रिगेशनल चर्चने आपले पहिले परदेशी मिशनरी दोन जहाजांतून हिंदुस्थानाकडे रवाना केले. त्यांपैकी ॲडोनायरम जडसन याला सेरामपूर येथे बाप्टिस्टांची गाठ पडणार हे ठाऊक होते. वाद झाला तर बालबाप्तिस्म्याचे समर्थन करता यावे म्हणून तो प्रवासात या विषयाचा अभ्यास करू लागला आणि या अभ्यासातून विरुद्ध पक्षाच्या मतास येऊन पोहोचला. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात वॉर्डच्या हस्ते जडसन पतिपत्नींनी निमज्जनाने बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या जहाजातून आलेल्या ल्यूथर राइसने नोव्हेंबरात त्यांचे अनुकरण केले. या मतांतरामुळे त्यांना पाठविणाऱ्या संस्थेशी असलेला त्यांचा संबंध तुटला. जडसन ब्रह्मदेशात गेला. राइस अमेरिकेस परतला आणि त्याच्या खटपटीतून १८१४ साली फिलाडेल्फिया येथे अमेरिकेतील बाप्टिस्टांची पहिली राष्ट्रव्यापी मिशनसंस्था उभी राहिली.

त्याच तुकडीतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे मात्र आपल्या मूळ मतावर राहिले. फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईस उतरले. कंपनीने त्यांना परत पाठविण्याचा घाट घातला होता. पण सनदेच्या नूतनीकरणाबरोबर धोरण बदलले आणि ते राहिले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास सुरू होतो. याच मिशनच्या छापखान्यातून १८२६ साली मराठी नवा करार बाहेर पडला आणि पुढे याच मिशनच्या परिसरात ना. वा. टिळकांसारखा कवी वावरला. जे बाप्टिस्ट झाले ते ब्रह्मी भाषेकडे गेले. जे झाले नाहीत ते मराठीकडे आले. मराठी ख्रिस्ती परिभाषेचे वळण ठरविण्यात या फाटाफुटीचा वाटा किती, हे पुढील वादावरून ध्यानात येईल.

५.

ग्रीक ‘बाप्तिझो’ या क्रियापदाचा मूळ अर्थ बुडविणे असा होतो. लॅटिनने हा शब्द तसाच घेतला. जर्मनने भाषांतर केले. ‘टाउफेन’ हा त्यांचा शब्द खोलीशी, बुडविण्याशी नाते सांगणारा आहे. इंग्रजीने लॅटिनचा मार्ग धरला. १६११ च्या अधिकृत भाषांतराच्या वेळी जुने चर्चप्रचलित शब्द बदलू नयेत, असा राजा जेम्सचा दंडकच होता. बाप्टिस्टांची दृष्टी येथे वेगळी पडते. शास्त्र लोकांच्या भाषेत द्यावयाचे आणि नेमका वादाचा शब्दच झाकून ठेवावयाचा, हे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटे. उलट इतर पंथांचे म्हणणे असे की, ‘बुडविणे’ हा शब्द घातला की भाषांतर एका पंथाचे होते, मग सर्वांच्या वर्गणीतून ते छापावे कसे?

विल्यम येट्स याच्या १८३३ च्या बंगाली नव्या करारावरून हा वाद विकोपास गेला. कलकत्त्यातील इतर मिशनऱ्यांनी तक्रार केली आणि ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने अशा भाषांतरांना साहाय्य नाकारले. अमेरिकेतही जडसनच्या ब्रह्मी बायबलमुळे हाच प्रश्न उभा राहिला. त्यात बुडविण्याच्या अर्थाचा ब्रह्मी शब्द योजला होता. अमेरिकन बायबल सोसायटीने १८३६ मध्ये इतर सर्व पंथांना वापरता येतील अशाच भाषांतरांना मदत देण्याचे ठरविले. परिणामी बाप्टिस्टांनी अमेरिकेत स्वतंत्र बायबल संस्था काढली आणि लंडनमध्ये १८४० साली बायबल ट्रान्सलेशन सोसायटी स्थापन झाली. कलकत्त्याच्या बाप्टिस्टांनी सिद्ध केलेल्या संस्कृत नव्या करारात योहान हा ‘मज्जयिता’ आहे. मराठी बायबलात तो ‘बाप्तिस्मा करणारा’ आहे. या दोन विशेषणांत दोन भिन्न धर्ममतांचा इतिहास सामावलेला आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यात एक विरोधाभास दिसेल. शब्दाचे भाषांतर झालेच पाहिजे असा आग्रह धरणारा पंथ स्वतः मात्र त्याच अभाषांतरित शब्दाने ओळखला जातो. ‘बाप्टिस्ट’ हे नाव मुळात विरोधकांनी दिलेले. ते पंथाने हळूहळू आपलेसे केले.

६.

मराठीपुढे कोणते पर्याय होते? ‘बुडविणे’ हा सरळ शब्द. परंतु मराठीत बुडविणे म्हणजे केवळ पाण्याखाली घालणे नव्हे. कर्ज बुडवितात, कूळ बुडवितात, दिवाळखोर पेढी बुडवितो, नालायक मुलगा घर बुडवितो. ‘धर्मबुडव्या’ ही तर शिवीच आहे. ज्या समाजात धर्मांतराला ‘बाटणे’ म्हणत, तेथे ‘योहानाने लोकांस बुडविले’ असे वाक्य प्रतिपक्षाला फुकटचा दाखला ठरले असते. ‘स्नान’ म्हटले तर पर्वकाळ आणि तीर्थक्षेत्र डोळ्यांपुढे येते. वारंवार करावयाच्या त्या पुण्यकर्माचा एकदाच घडणाऱ्या या विधीशी मेळ बसत नाही. ‘अभिषेक’ हा देवावर वा राजावर होतो आणि त्यात पाणी वरून पडते. ‘संस्कार’ हा दुसऱ्याने करावयाचा, तोही बहुधा बालवयातच. नामकरणापासून मुंजीपर्यंत त्याची साखळी चालते. ‘दीक्षा’ या शब्दाचा अर्थ सर्वांत जवळचा, पण तो गुरुपरंपरेशी, महानुभाव आणि शैव पंथांशी बांधलेला होता. तेव्हा ‘बाप्तिस्मा’ हा परका शब्द राहिला यामागे पंथभेदाइतकाच मराठी शब्दांच्या अर्थभाराचाही हात आहे, असे म्हणता येईल.

हा शब्द मराठीत आल्यावर त्याला मराठी क्रियापदाची जोड लागली. येथे एक लक्षणीय गोष्ट घडली. ग्रीकमध्ये आणि इंग्रजीत बाप्तिस्मा होणाऱ्या व्यक्तीसाठी कर्मणी रचना येते; तिच्यावर क्रिया घडते. मराठीत मात्र ‘त्याने बाप्तिस्मा घेतला’ असा प्रयोग रूढ झाला. आपण संन्यास घेतो, दीक्षा घेतो, वारकरी माळ घेतो. धर्माच्या क्षेत्रात ‘घेणे’ या क्रियापदाने मराठीत जाणीवपूर्वक स्वीकार सूचित होतो. कर्ता स्वतः पुढे होतो. तान्ह्या मुलाच्या बाबतीत मात्र ‘मुलाला बाप्तिस्मा दिला’ असेच म्हणावे लागते. बाप्तिस्मा घेणारा आणि बाप्तिस्मा दिला गेलेला, हा भेद मराठीने कोणत्याही बाप्टिस्ट पंडिताच्या सांगण्यावाचून केला. निमज्जनाचा अर्थ नामातून निसटला. पण १६०९ साली ॲमस्टरडॅम येथे ज्यावरून वाद सुरू झाला तो मूळ मुद्दा, म्हणजे कर्त्याची जाणीव, क्रियापदात शाबूत राहिला.

७.

हा केवळ व्याकरणाचा विलास नाही, हे एकोणिसाव्या शतकातील मराठी अनुभवावरून दिसते. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर बाळशास्त्री जांभेकरांच्या पुढाकाराने मोठा वाद झाला. या प्रकरणातील मिशनरी स्कॉटिश, म्हणजे बालबाप्तिस्मा मानणारे. तरीही कोर्टात, शास्त्रीमंडळींत आणि वृत्तपत्रांत जो प्रश्न चर्चिला गेला तो असा की, स्वतःचा धर्म ठरविण्याइतकी समज माणसाला केव्हा येते आणि ती आली हे कोणी ठरवावे? हिंदू समाजात धर्म जन्माने मिळे, ख्रिस्ती राष्ट्रांतील राज्यचर्चमध्येही तो जन्मानेच मिळे. दोन्हीकडे न बसणारा असा हा प्रश्न होता.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी त्यांच्या अडीच वर्षांच्या मनोरमेलाही तो देण्यात आला. एकाच प्रसंगी दोन्ही क्रियापदे लागू पडली. रमाबाई अँग्लिकन चर्चमध्ये आल्या खऱ्या, परंतु सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना जाणवते ते असे की, बिशपांच्या आज्ञेपेक्षा स्वतः वाचलेले शास्त्र आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांनाच त्या प्रमाण मानीत होत्या. पंथाच्या नोंदवहीत त्या बाप्टिस्ट नव्हत्या. पण प्रामाण्याविषयीची त्यांची भूमिका हेल्विसला परकी वाटली नसती. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. शास्त्र अंतिम मानणाऱ्याला भाषांतर करावेच लागते, या आधी मांडलेल्या विधानाची ही मराठी साक्ष होय.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याहून बोलके आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षे हा ‘स्मृतिचित्रे’चा गाभा आहे. नवरा ज्या धर्माचा त्या धर्माची बायको, हे रूढ गणित त्यांनी मानले नाही. आपल्या मनाला पटेपर्यंत त्या थांबल्या. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार आणि समजून घेतलेला बाप्तिस्मा यांचे नाते येथे उघड होते. ज्याला आपला निर्णय इतरांपुढे सांगावा लागतो त्याला ‘मी’ची भाषा घडवावी लागते. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) हेही याच गरजेतून लिहिले गेले. बाप्टिस्ट मंडळीत बाप्तिस्म्यापूर्वी सर्वांसमक्ष अनुभवकथन करण्याची प्रथा आहे. मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रे जणू तेच कार्य विस्तृत वाचकवर्गापुढे करतात.

८.

दिल्लीत बाप्टिस्टांचे काम कॅरीच्या हयातीतच सुरू झाले. जे. टी. टॉमसन हा १८१८ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८५० पर्यंत, येथे राहिला. त्याचा हिंदी-इंग्रजी कोश १८४६ साली प्रसिद्ध झाला. सेरामपूरची भाषाभ्यासाची परंपरा यमुनाकाठीही चालू राहिली होती. ११ मे १८५७ रोजी बंडाची लाट शहरात आली तेव्हा इस्लाममधून आलेले प्रचारक वलायत अली मारले गेले. टॉमसनची विधवा आणि मुली याही त्या उठावात बळी पडल्या. चांदणी चौकात लाल किल्ल्याच्या बाजूस, गौरीशंकर मंदिर आणि शीशगंज गुरुद्वारा यांच्या सान्निध्यात उभे असलेले सेंट्रल बाप्टिस्ट चर्च या परंपरेची आजची खूण आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात याच दिल्लीत संविधान सभेने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क अनुच्छेद २५ मध्ये नोंदविला. त्याची मुळे अनेक आहेत आणि ती एका पंथाच्या खात्यावर मांडणे अनैतिहासिक होईल. एवढे मात्र म्हणता येते की, राज्याला आत्म्यावर अधिकार नाही हे हेल्विसचे म्हणणे आणि या अनुच्छेदातील सदसद्विवेकाची कल्पना परस्परांना परिचित आहेत.

बाप्टिस्टांच्या भारतीय इतिहासातील शेवटचे महत्त्वाचे वळण मराठी प्रदेशात घडले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स यांच्याबरोबर उत्तर भारतातील बाप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही तीत सामील झाली. या ऐक्यात बालबाप्तिस्मा आणि समजून घेतलेला बाप्तिस्मा हे दोन्ही पर्याय ग्राह्य ठरले. १८१२ साली ज्या प्रश्नावरून जडसन आणि हॉल यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्या प्रश्नासह एकाच मंडळीत राहण्याची तोड निघाली. सर्वच बाप्टिस्टांना ती मान्य झाली नाही. ईशान्य भारतातील आणि तेलुगु भाषक प्रदेशातील मोठ्या बाप्टिस्ट संघटना बाहेरच राहिल्या. बिशपपद स्वीकारल्यावर स्थानिक मंडळीची स्वायत्तता उरते काय, ही त्यांची शंका पंथाच्या मूळ तत्त्वाशी सुसंगत होती.

ज्या नागपूरकडील पंडिताच्या मराठीवर कॅरीचे काम उभे राहिले, त्याच नागपुरात हा समझोता झाला हा योगायोग मानावा. मराठीचा प्रश्न मात्र योगायोगाचा नाही. बाप्टिस्ट अस्मितेचा इतिहास भारतात शोधताना संस्थांच्या यादीत मराठीला फारसे स्थान मिळणार नाही, कारण मराठी भाषक बाप्टिस्ट मंडळ्यांचा प्रभाव अल्पच राहिला. पण तत्त्वांचा इतिहास संस्थांपुरता नसतो. भाषांतर, अल्पवयीनाची संमती, पत्नीचा स्वतंत्र निर्णय, आत्मचरित्रातील ‘मी’ या ठिकाणीही तो घडत असतो. ‘बाप्तिस्मा’ या अपारदर्शक नामाच्या शेजारी मराठीने ‘घेणे’ हे क्रियापद ठेवले, त्यामुळे हा इतिहास मराठीतही वाचता येतो. बंगाली, ब्रह्मी, तेलुगु आणि असमिया भाषांतील याच शब्दाच्या प्रवासाशी त्याची तुलना झाली, तर भाषांतरित नामाने जे साधले आणि जोडलेल्या क्रियापदाने जे साधले त्यांतील फरक अधिक नेमका सांगता येईल.